गाय आली, कुटाराचं काय?

शेजारच्या काकांच्या गोठ्यात ती गाय आली तेव्हा अर्धं गाव पाहायला जमलं होतं. काळीपांढरी, संकरित, कासेला भरलेली. काकूंनी तिच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, भाकरीचा घास दिला. शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भाचं नाव रोज पेपरात यायचं, ते दिवस. कुठल्याशा योजनेतून, अनुदान सरकारचं आणि वरचे पैसे काकांचे, अशी ती आली होती. काकांकडे सहा एकर कोरडवाहू वावर, एक बैलजोडी आणि एप्रिलात तळ दाखवणारी विहीर.

पंधरा दिवसांत काकांचा चेहरा उतरला. गाईला रोज ढेप हवी, हिरवा चारा हवा, सावली हवी, दिवसातून चारदा पाणी हवं. घरचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला सुका भुसा-चारा, तुरीचं, हरभऱ्याचं, थोडं सोयाबीनचं. ते बैलांनाच होळीपर्यंत जेमतेम पुरायचं. दूध निघायचं, पण न्यायचं कुठं? तालुक्याची गाडी यायची तोवर ते नासायला लागायचं. चहाच्या टपरीला दोन लिटर, बाकी शेजाऱ्यापाजाऱ्यांना, तेही उधारीवर. मी मास्तर माणूस, सल्ला द्यायची खोड. म्हटलं, काका, जरा कळ काढा, गाय म्हणजे घरची बँक. काका म्हणाले, "मास्तर, हे बँक माह्या घरच्याईपेक्षा जास्त खाते. गाय देल्ली, पन कुटाराचं काय?" पोळ्याच्या आधी त्यांनी ती बाजारात नेऊन विकली, घातलेल्या पैशांपेक्षा कमी भावात. योजनेच्या कागदावर ती त्यानंतरही बरीच वर्षं दूध देत राहिली असणार.

ही एकट्या काकांची गोष्ट नव्हती. १ जुलै २००६ ला अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी केंद्राचं ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात सिंचन होतं, थकलेल्या पीककर्जावरच्या व्याजाची माफी होती, बियाणं होतं आणि जोडधंदा म्हणून दुभती जनावरंही होती. चाऱ्याविना आलेल्या गाईंच्या बातम्या पुढे कितीतरी दिवस छापून येत होत्या. लोकांनी त्यात भ्रष्टाचार शोधला. तो काही ठिकाणी असेलही. मला मात्र त्यात घाई जास्त दिसते. दुभत्या जनावराचा धंदा उभा राहायला चारा लागतो, पाणी लागतं, डॉक्टर लागतो, दूध गोळा करणारी गाडी लागते, आणि हे सगळं जमायला पाच-सात वर्षं जातात. ते काम आपण पुरात बोट पाठवावी तसं उरकायला गेलो.

याच्या उलटही घडतं, आणि ते जास्त वेळा घडतं. ज्या मदतीला आठवड्यात पोचायचं असतं ती विकासाच्या चालीनं येते. यंदा, म्हणजे २०२५ ला, ते मी स्वतःच्या वावरात पाहिलं.

नाल्याकाठी माझं दोन एकर आहे. ऑगस्टच्या पावसात नाला धुरा, म्हणजे शेताचा बांध, फोडून आत शिरला आणि कपाशीचे तास उपटून घेऊन गेला. सप्टेंबरात पुन्हा आला तेव्हा न्यायला पीक नव्हतं, म्हणून माती नेली. तळाचा मुरूम उघडा पडला. पंचनाम्याला माणसं आली, मोबाइलवर फोटो काढले, सातबारा पाहिला, अंगठे-सह्या झाल्या. मग यादी लागली. यादीत नाव आहे तर व्हीके नंबर, म्हणजे विशिष्ट क्रमांक, घ्या, सेतू केंद्रात जाऊन केवायसी करा. केवायसी झाली तर आधारला कोणतं खातं जोडलंय ते पाहा. माझ्या ओळखीतल्या एकाचं खातं जुन्या थकबाकीपायी एका बँकेनं होल्डवर टाकलं होतं. मदतीची रक्कम कर्जवसुलीत वळती करू नये असं शासन निर्णयातच लिहिलेलं असतं, पण तो कागद काउंटरवर दाखवायला गावातून जाणाऱ्याची एक दिवसाची मजुरी बुडते. तोवर हरभऱ्याची पेरणी निघून जाते. पैसे येतात तेव्हा ते पेरणीत जात नाहीत, कृषी केंद्राच्या उधारीत जातात.

रक्कम किती, तेही पाहू. राज्य आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये होते, म्हणजे एकराला ३,४००. सरकीची दोन पाकिटं आणि डीएपीची एक बॅग घेतली की हातात चहापाण्याचे उरतात. २०२५ च्या ऑक्टोबरात राज्य सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात रब्बीसाठी हेक्टरी १०,००० रुपयांची भर घातली आणि त्याचबरोबर एक गोष्ट केली जी मला मोठी वाटली. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रोख आणि जमीन पुन्हा लागवडीजोगी करायला ३ लाखांपर्यंतचं काम रोजगार हमीतून. मदत आणि बांधणी पहिल्यांदाच एका घोषणेत, एका जमिनीच्या तुकड्यासाठी शेजारी शेजारी उभी राहिलेली मी पाहिली. कागदावर तरी.

संकटात सापडलेल्या मुलखात तातडीची मदत आणि लांबचा विकास यांची सांगड कशी घालायची, हा प्रश्न आपल्याकडचाच नाही. २०१६ च्या मे महिन्यात इस्तंबूलला संयुक्त राष्ट्रांची जागतिक मानवतावादी परिषद झाली, तिथं मदत करणाऱ्यांनी आणि विकास करणाऱ्यांनी एकत्र काम करावं म्हणून 'नवी कार्यपद्धती' जाहीर झाली. युद्धानं, दुष्काळानं होरपळलेल्या देशांत दोन वेगळी ऑफिसं, दोन वेगळे निधी, दोन वेगळी वेळापत्रकं चालतात, हे तिथं मान्य झालं. आपल्या तहसीलमध्ये कधी बसलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. मदतीचा टेबल एका खोलीत, रोजगार हमी योजनेचा म्हणजे रोहयोचा दुसऱ्या खोलीत, कृषीचं ऑफिस तर वेगळ्या इमारतीत.

माझं म्हणणं असं आहे की ही सांगड वर, ऑफिसात लागत नाही. दोन टेबलं जवळ आणून, समन्वय समिती नेमूनही लागत नाही. गावाकडे संकट यायच्या आधीपासून स्वतःची यादी, स्वतःचा थोडा पैसा आणि त्यावर निर्णय करायचा हक्क असेल तरच ती लागते. नाहीतर प्रत्येक वेळी गाय येते आणि कुटार राहतं.

आधी एक गैरसमज बाजूला करतो, कारण तो माझ्यासारख्या शिकलेल्या लोकांतच जास्त आहे. "फुकट देऊ नका, काम द्या, त्यातून काहीतरी कायमचं उभं राहील." ऐकायला बरं वाटतं. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं हेच केलं, आणि जगानं त्याचं कौतुक केलं. १९७३ च्या मे महिन्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यातूनच वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना पसरली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ ला देशानं तो आपल्या पद्धतीनं उचलला. त्या दुष्काळात माणसं भुकेनं मरू दिली नाहीत, ही लहान गोष्ट नाही. आमच्याकडे बहात्तरची झळ नगर-सोलापूर-मराठवाड्याइतकी नव्हती, तरी माझी आजी मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीचं नाव काढलं की तोंड वाकडं करायची. पण त्याच कामांवर दिवस गेलेल्या बायांनी उन्हात खडी फोडली, आणि त्यातली कितीतरी खडी रस्त्याच्या कडेला ढिगानंच पडून राहिली. काम द्यायचं म्हणून दिलेलं काम. त्याच काळातल्या परदेशी धान्याबरोबर गाजरगवत आलं असं आमच्याकडे सर्रास सांगतात. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचा इतिहास वेगळा सांगतील, पण धुऱ्यावर ते उपटताना लोक आजही मदतीचीच आठवण काढतात.

म्हणून माझं मत असं: ज्याच्या घरात आज चूल पेटायची नाही त्याला आज पैसे द्या, अट न घालता द्या, आणि तो ते दवाखान्यात घालो की बियाण्यात, विचारू नका. अटी आणि आराखडे ही दुसऱ्या दिवसाची गोष्ट. मदतीला विकास शिकवायला बसलं की काय होतं, याचं आमच्या भागात एक जिवंत उदाहरण आहे. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयानं आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपये ठरले. त्यातले ३०,००० हातात, ७०,००० पोस्टाच्या मासिक योजनेत. हेतू चांगलाच असेल, बाईचे पैसे कुणी हिसकावू नयेत हा. पण जिच्या दारात सावकार उभा, मुलाची फी थकलेली, पेरणी तोंडावर, तिच्यासाठी निर्णय दुसऱ्या कुणीतरी करून टाकला. आणि तोही ती 'पात्र' ठरली तर. जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर आहे का, कर्ज बँकेचं आहे का, वसुलीचा तगादा होता का, या प्रश्नांच्या चाळणीतून तिचा नवरा शेतकरी होता की नाही ते ठरायचं. घरची बाई मेली, जिनं तीस वर्षं वावरात निंदण केलं, तर तिच्या नावावर सातबारा नाही म्हणून ती कास्तकारच नव्हती. गावात 'पात्र' आणि 'अपात्र' हे शब्द आता शिव्यांसारखे वापरतात.

सांगड घालायची म्हणजे मदतीवर अट बसवायची असं नाही, एवढंच यातून घ्यायचं. मग ती घालायची कुठं?

गडचिरोलीत घातली गेली होती, तिथून शिकता येतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९० च्या दशकात ३९ गावांत एक साधी वाटणारी गोष्ट केली. नवजात बाळ आजारी पडलं की दवाखाना दूर, रस्ता खराब, रात्र. बाळ धापा टाकतंय, अंग गार पडलंय, ही आणीबाणीच. तिथं शहरातून डॉक्टरांचं पथक पाठवणं ही मदत झाली असती, आणि पथक परतलं की पुढच्या घरातलं बाळ पुन्हा देवाच्या हवाली. त्यांनी प्रत्येक गावातली एक बाई निवडली, जेमतेम शिकलेली. तिला बाळाचं वजन घ्यायला, श्वास मोजायला, ऊब द्यायला आणि जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं. नवजात बालमृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई घरोघरी जाऊन नवजात बाळांना पाहू लागल्या. यात मदत कुठं संपली आणि विकास कुठं सुरू झाला ते सांगता येत नाही. रात्री दोन वाजता दार ठोठावलं की उठणारी बाई गावातच राहते. पथक आलं, पथक गेलं हा प्रकारच उरला नाही. गाईच्या योजनेत आणि यात मला दिसणारा फरक हा आहे की इथं 'कुटाराचं काय' हा प्रश्न आधी विचारला गेला: औषध मिळालं तरी ते देणारा हात रात्री कुठं असेल?

दुसरं उदाहरणही गडचिरोलीचंच, आणि ते उलट्या दिशेनं जाणारं आहे म्हणून मला जास्त आवडतं. वनहक्क कायद्याखाली २००९ साली मेंढा-लेखा आणि मर्दा या गावांना आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभांनी तो मिळवला. बांबू आणि तेंदूपत्ता ठेकेदारानं न्यायचा, ग्रामसभेनं मजुरी तेवढी घ्यायची, ते दिवस तिथं बरेच मागे पडले. ग्रामसभेचं स्वतःचं खातं, त्यात जंगलाचा पैसा. मग २०२० चा लॉकडाउन आला. बाहेर कामाला गेलेली माणसं पायी परतायला लागली, तेव्हा तिथल्या कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी आपल्याच निधीतून गरजूंना धान्य-किराण्याची मदत केली. कुणाला किती द्यायचं याची यादी करायला तहसीलची माणसं लागली नाहीत. गावाला ठाऊक होतं की कुणाच्या डब्यात काय आहे. विकासातून उभा राहिलेला पैसा संकटात मदत झाला, तोही पंचनाम्याशिवाय. आपण कायम मदतीकडून विकासाकडे जायचं बोलतो. मला वाटतं खरा रस्ता असाही आहे, आणि तो जास्त भक्कम आहे.

यवतमाळकडच्या आमच्या गावाभोवती जंगल असं राहिलेलं नाही, त्यामुळे हे जसंच्या तसं उचलता येणार नाही, हे कबूल. पण गावाकडे पैसा नाही हेही पूर्ण खरं नाही. वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीला थेट येतो. रोहयोची कामं ग्रामसभेच्या शिफारशीनं ठरवायची असतात. आणि आपत्ती निधीचं म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी वाटणी करून दिली होती: एकूण निधीतले ४० टक्के तातडीच्या मदतीला, ३० टक्के पुन्हा उभारणीला, १० टक्के पूर्वतयारीला आणि २० टक्के संकटाची धार कमी करायला, म्हणजे बांधबंदिस्ती, नाले, बंधारे असल्या कामांना. म्हणजे सांगड घालायची तरतूद दिल्लीनं करून ठेवली होती. आमच्या ग्रामसभेत हे आकडे मी वाचून दाखवले तेव्हा एका पोरानं विचारलं, "मास्तर, हे वीस टक्के कोणत्या गावाले गेले?" मला सांगता आलं नाही.

आमच्या गावच्या वेशीवरचा रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, त्या वीस टक्क्यांसाठीच जन्माला आला असावा असं कधीकधी वाटतं. पाइप लहान, वरून येणारं पाणी मोठं. दर दोन-तीन वर्षांनी तो वाहून जातो, दुरुस्त होतो, पुन्हा तितक्याच लहान पाइपांचा. विचारलं तर उत्तर मिळतं की नुकसानीच्या पैशातून 'पूर्ववत' करता येतं, मोठं करता येत नाही. पूर्ववत म्हणजे पुन्हा वाहून जाण्याजोगं. तीन वेळच्या पूर्ववतच्या पैशांत एक बरा पूल झाला असता, हे रपट्यावरून बैलगाडी नेणाऱ्या कुणालाही कळतं.

हिशेबावरून आठवलं. १९३४ च्या जानेवारीत बिहारला मोठा भूकंप झाला, तेव्हा राजेंद्र प्रसादांच्या मदत समितीचे हिशेब जे. सी. कुमारप्पांनी सांभाळले. सनदी लेखापाल माणूस. गांधीजी आणि त्यांच्या मंडळींच्या पाटण्यातल्या राहण्या-जेवणाचा खर्चही मदतनिधीवर टाकायला त्यांनी नकार दिला होता, असं वर्ध्याकडे कौतुकानं सांगतात. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि तेच कुमारप्पा वर्ध्याला मगनवाडीत तेलघाणी, कागद, गूळ यांच्या मागे लागले. मदतीचा पै-पैचा हिशेब आणि गावात उद्योग उभा करण्याची चिकाटी एकाच माणसात होती. आज ही दोन खाती आहेत आणि त्यांचे अधिकारी एकमेकांना ओळखत असतीलच असं नाही.

माझ्या मताविरुद्ध दोन गोष्टी बोलल्या जातात, आणि दोन्हींत दम आहे. पहिली ठेकेदाराची. मदत आणि काम एकत्र केलं की मदतीचे पैसेही जेसीबीच्या टाकीत जातील. हे खरं आहे. नाला खोलीकरणाच्या नावाखाली चार दिवसांत जेसीबी येतो, माती काठावर टाकतो, पहिल्या पावसात तीच माती परत नाल्यात, आणि मजुरांची हजेरी कागदावर. माझं उत्तर एवढंच की पैसे वेगळे ठेवून हे थांबलेलं नाही. जिथं थोडंफार थांबलं तिथं गावानं काम डोळ्यांसमोर मोजून घेतलं म्हणून थांबलं. मोजून घेण्यासाठी कामाची यादी आणि मापं गावाची असावी लागतात.

दुसरी गोष्ट मोठी आहे. गाव म्हणजे कुणाचं गाव? ग्रामसभेत बोलणारे चार लोक, आणि त्यांच्याच वावराकडे जाणारा पांदण रस्ता आधी. गावाच्या टोकाला राहणारे पारधी, भूमिहीन मजूर, एकट्या बाया, ठेक्यानं वावर करणारे: यांचं नाव ना सातबाऱ्यावर, ना यादीत. पीक गेलं तर मदत जमीनमालकाला, आणि निंदण-वेचणीचं काम गेलं त्या मजूर बाईचं काय? तिच्या बुडालेल्या मजुरीचा पंचनामा कुणी करत नाही. ही अडचण मी मिटवू शकत नाही. पण मजुराचं नुकसान मोजायचं एकच माप मला माहीत आहे, ते म्हणजे बुडालेले दिवस. आणि दिवस मोजायची यंत्रणा रोहयोकडे आहे. पूर आला की त्या आठवड्यात गावात काम निघालं पाहिजे, पुढच्या मार्चला नाही. जिचं वेचणीचं काम गेलं तिला धुरा बांधायचं काम मिळालं, तर मजुरीची मदत आणि शेताची बांधणी एकाच हातात येते.

इथिओपियानं काहीसं असंच करून पाहिलं. १९८४ च्या भीषण दुष्काळानंतर तो देश जवळजवळ दरवर्षी जगापुढे धान्यासाठी हात पसरायचा, आणि धान्य यायचं तोवर लोकांनी बैल विकलेले असायचे. २००५ पासून त्यांनी दरवर्षी हमखास टंचाईत जाणाऱ्या कुटुंबांची यादी आधीच केली. टंचाईच्या महिन्यांत ठरलेली रक्कम किंवा धान्य द्यायचं, बदल्यात धडधाकट माणसांनी डोंगरउतारावर बांध घालायचे, ओघळी बुजवायच्या. म्हातारे आणि आजारी यांना कामाशिवायच द्यायचं. कितीतरी कुटुंबांना बैल विकावा लागला नाही. मग नोव्हेंबर २०२० मध्ये त्या देशाच्या टिग्रे प्रांतात युद्ध पेटलं आणि तिथं वर्षानुवर्षं उभं केलेलं दोन वर्षांत उद्ध्वस्त झालं. शांतता नसेल तर कुठलीही सांगड टिकत नाही, हे त्या देशानं पाहिलं. आपल्याकडे युद्ध नाही, तेवढं तरी आपल्या बाजूला आहे. त्यांच्याकडून मला एकच गोष्ट उचलाविशी वाटते: यादी आधी. कपाशीच्या कोरडवाहू पट्ट्यात दर तीन-चार वर्षांनी पीक जाणार हे काय आता कळायचं आहे? अमरावती विभागात खरिपाची अंतिम पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, डिसेंबरअखेर जाहीर होते. त्याआधीच कास्तकारानं ठरवलेलं असतं की बैल ठेवायचा की विकायचा.

आमच्या ग्रामसभेनं २ ऑक्टोबरला यादी केली, तेवढंच सांगून थांबतो. मी लिहून घेत होतो. पहिला रपटा, पाइप मोठे. मग नाल्याकाठच्या चौदा जणांचे धुरे, त्यात माझाही, म्हणून त्यावर मी बोललो नाही. मग भूमिहीनांची आणि एकट्या बायांची वेगळी यादी, पूर आला की कुणाला पहिल्या दिवशी धान्य लागेल याची. ती बायांनी बसून केली. पुरुषांनी सांगितलेली तीन नावं त्यांनी काढली आणि आम्हाला माहीतच नसलेली दोन घातली. काका आता थकलेत, ऐकू कमी येतं. तरी शेवटी उठून उभे राहिले. म्हणाले, "कुटारासाठी एक शेड लिहा. उंच जाग्यावर. औंदा साऱ्याईचं कुटार भिजलं, तिकडून काळंभोर होऊन निंगालं. जनावरं कायच्यावर जगवाची?"

ग्रामसेवकानं विचारलं, "काका, हे कोणत्या योजनेत बसतं?"

"ते तुमी पाहा. पयले लिहून घ्या."

अकराव्या नंबरवर लिहिलं आहे. जागा देवळामागची, गावठाणातली. हे लिहितोय तेव्हा बाहेर वेचणी सुरू आहे आणि माझ्या वावराचा फुटलेला धुरा शेजारच्या काकूंनी तुऱ्हाट्या आणि दगड लावून तात्पुरता अडवलाय, कारण नाला पुढच्या वेळी माझ्या वावरातून त्यांच्याकडेच जाणार आहे.